अर्धी मिशी

ते साल एकोणीसशे बहात्तर. त्या वर्षी आमच्या स्टुडिओच्या दारावर ‘येथे रंगीत फोटो काढून मिळतील’ अशी पाटी लागली आणि घरातल्या माणसांचे खरे रंगही त्याच वर्षी दिसले. पाटी लागली मार्चमध्ये. रंग दिसले ऑगस्टमधल्या एका रविवारी दुपारी. तारीख आता सांगता येणार नाही. पण त्या दिवशी जाऊबाईंनी दिवाणखान्याला नवे पडदे लावले होते आणि ते चार बोटं आखूड पडले होते, एवढं पक्कं आठवतं.

मामंजींना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. ते होते तोवर खाली स्टुडिओ आणि वर घर, दोन्ही एकाच माणसाच्या ओरडण्यावर चालत असत. ते गेल्यावर ओरडायचं काम थोरल्यांनी, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांनी, आपल्याकडे घेतलं. फोटो काढायचं काम माझ्या नवऱ्याकडे आलं. आणि नाव मात्र पूर्वीसारखंच भिंतीवरच्या आजोबांचं होत राहिलं.

हे आजोबा म्हणजे माझे आजेसासरे, स्टुडिओचे संस्थापक. मी त्यांना कधी पाहिलं नाही. माझ्या जन्माच्या बारा वर्षं आधीच ते गेले होते. पण त्या घरात राहून त्यांना न पाहणं अशक्य होतं. काउंटरच्या मागे, बरोबर मधोमध, अंडाकृती चौकटीत त्यांचा अडीच फुटी फोटो होता. गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट, डोक्यावर टोपी, पांढरी भरघोस मिशी, पोलादासारखी ताठ मान, आणि डोळे असे की फिल्मचा रोल विसरलेलं गिऱ्हाईकसुद्धा ओशाळं होऊन परत जाई. फोटो त्यांनी स्वतःच स्वतःचा काढला होता, अशी कथा होती. कॅमेरा लावला, लेन्सच्या झाकणाला दोरी बांधली, खुर्चीत बसले आणि दोरी ओढली. ही कथा थोरले प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत. दोरीची लांबी दर वर्षी वाढत होती.

या फोटोवरून मामंजींनी घरात एक रीत पाडली होती. कुठलाही मोठा निर्णय असला की सगळ्यांनी काउंटरपुढे जमायचं, फोटोकडे तोंड करून निर्णय मोठ्याने सांगायचा आणि मिनिटभर गप्प उभं राहायचं. ज्याला तो मान्य नसेल त्याने त्या मिनिटात, आजोबांच्या डोळ्यांत बघून तसं बोलायचं. कोणी बोललं नाही की निर्णय पक्का. मी घरात आले पासष्ट साली. त्याआधी मलाही तिथे उभं करून दाखवलं होतं. मामंजी म्हणाले, “आबा, ही मुलगी धाकट्यासाठी बघितली आहे.” मिनिट गेलं. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मला त्या मिनिटात आजोबांची डावी भुवई हलल्यासारखी वाटली होती. मी ते कोणाला सांगितलं नाही.

चाळीस वर्षांत एकदाही कोणी त्या फोटोला ‘नाही’ म्हटलं नव्हतं.

आता आत्याबद्दल. आत्या म्हणजे मामंजींची धाकटी बहीण. तेव्हा छप्पन्न वर्षांची. लग्न केलेलं नव्हतं. का नव्हतं, त्याचं कारण सांगणाऱ्यागणिक बदलायचं आणि खुद्द आत्याला कोणी विचारलं नव्हतं. वरच्या मजल्यावर, मागच्या बाजूला, उत्तरेकडे मोठी खिडकी असलेली खोली तिची. खिडकीला लागून तिचं रिटचिंगचं डेस्क. उतरतं लाकडी डेस्क, मध्ये दुधी काच, खाली आरसा. आरशाने खिडकीतला उजेड वर फेकायचा, दुधी काचेवर निगेटिव्ह ठेवायची आणि सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीने माणसाला देवाने दिलेलं तोंड दुरुस्त करायचं. देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सासरचा जाच, सगळं ती घालवत असे. निगेटिव्हवर पेन्सिल लागली की फोटोत ती जागा उजळते. काही गडद हवं असेल तर बारीक चाकूने खरवडावं लागतं. पेन्सिल पुसता येते, चाकूचं काम जात नाही. एवढं मी सहा वर्षांत तिच्याजवळ बसून शिकले होते.

शिवाय तिचं एक खास काम होतं, त्याला स्टुडिओत ‘उसना चेहरा’ म्हणत. पूर्वी बरीच माणसं आयुष्यात एकदाही फोटो न काढता मरत. मग मुलं यायची. “वडील गेले हो. फोटो नाही.” मामंजी विचारायचे, “तोंडावळ्याने सगळ्यांत जवळचं कोण?” त्या भावाला नाहीतर मुलाला मयताचे कपडे घालून खुर्चीत बसवायचं, मानेमागे लोखंडी चिमटा लावायचा आणि फोटो काढायचा. पुढचं आत्या करायची. वय चढवायची, टक्कल पाडायची, गाल बसवायची. मुलं फोटो बघून रडायची आणि आपल्याच भावाच्या पाया पडायची. आमच्या गावातले निम्मे पूर्वज आत्याने पेन्सिलीने घडवलेले आहेत.

रंगीत फोटो आले आणि आत्याची पेन्सिल थांबायला आली. थोरल्यांना रंगीत धुलाईचं मशीन बसवायचं होतं. त्यासाठी वाहतं पाणी आणि पूर्ण अंधार हवा. जुन्या अंधाऱ्या खोलीत ते मावत नव्हतं. नळ आत्याच्या खोलीला लागून होता. खिडकी विटांनी बुजवायची आणि आत्याला जिन्याखालच्या खोलीत हलवायचं, असं थोरल्यांनी मनाशी ठरवलं. जिन्याखाली फोटोसाठी मागे लावायचे जुने पडदे गुंडाळून ठेवले होते, खांब आणि कारंजी रंगवलेले. खिडकी नव्हती. आत्याने ते ऐकलं तेव्हा एवढंच म्हणाली, “तिथे मी काय करायचं?”

“विश्रांती,” थोरले म्हणाले.

सगळ्या आयुष्यात तिने उजेड सोडून काही मागितलं नव्हतं. विश्रांती तर नाहीच.

याच सुमारास संशोधकांचं पत्र आलं. मोठ्या शहरातल्या वस्तुसंग्रहालयातले गृहस्थ. आपल्या भागात माणसांचे फोटो काढायची कला कशी आली, कशी वाढली, याचा इतिहास ते आठ वर्षं लिहीत होते. पुस्तकाच्या पहिल्याच पानावर आजोबांचा, त्यांनी स्वतः काढलेला फोटो छापायचा होता. त्यासाठी मूळ काचेची प्लेट बघायची होती. पत्र वाचून थोरले तासभर दाराच्या पाटीकडे बघत उभे राहिले. ‘स्थापना’ या शब्दाची अक्षरं अजून किती मोठी करता येतील, याचा ते अंदाज घेत होते.

आणि त्यांनी एक डाव टाकला. खोलीचा निर्णय संशोधक येणार त्याच रविवारी, त्यांच्या देखत, आजोबांपुढे जाहीर करायचा. जाऊबाईंनी मला हे फार पुढे सांगितलं. आदल्या दिवशी आरशापुढे उभं राहून ते वाक्य पाठ करत होते. जाऊबाई म्हणाल्या होत्या, “परक्या माणसापुढे घरचं कशाला काढायचं?”

“म्हणूनच. परक्यापुढे आत्या एक शब्द बोलायची नाही. घराण्याची अब्रू आहे.”

जाऊबाईंचा त्याला विरोध नव्हता. मशीन आत्याच्या खोलीत गेलं नाही तर ते त्यांच्या दिवाणखान्यात येणार होतं. दुसरा नळ तिथे होता.

माझ्या नवऱ्याचं मत विचाराल तर त्याला मत नव्हतं. मी सकाळी विचारलं, “आत्याच्या बाजूने एक शब्द बोलाल का?” तो म्हणाला, “मी बोललो तर दादा चिडेल, नाही बोललो तर तू चिडशील. तुझी मला सवय आहे.”

संशोधक अकराला आले. बारीक अंगाचे, चष्मेवाले, खिशात भिंग. काउंटरपुढे उभे राहून त्यांनी फोटोकडे इतका वेळ बघितलं की थोरल्यांची छाती बोटभर फुगली.

“नजर बघा,” संशोधक म्हणाले. “मी माझ्या तिसऱ्या प्रकरणात लिहिलंय. स्वतःच्याच कॅमेऱ्याला आव्हान देणारी नजर. आपल्याकडच्या व्यक्तिचित्रणात हा आत्मविश्वास पहिल्यांदा इथे दिसतो.”

“दरारा होता त्यांचा,” थोरले म्हणाले. “मी सहा वर्षांचा होतो ते गेले तेव्हा. पण मला त्यांची मिशी आठवते. पापा घेताना टोचायची.”

“मिशी टोचायची,” संशोधकांनी वहीत लिहून घेतलं.

आत्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. हातात लाकडी पेटी. तिने थोरल्यांकडे बघितलं, आणि तिच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. खोकला दाबावा तसा. मला तेव्हा वाटलं, गुडघा दुखत असेल.

सगळे वर तिच्याच खोलीत गेलो, कारण प्लेट बघायची तर उजेड तिथलाच. पेटीतून तिने फडक्यात गुंडाळलेली काच काढली आणि दुधी काचेवर ठेवली. निगेटिव्ह, म्हणजे सगळं उलटं. कोट पांढरा, तोंड काळवंडलेलं, मिशी काळीकुट्ट. संशोधकांनी भिंग लावलं. बराच वेळ ते वाकून राहिले.

“रिटच पुष्कळ आहे,” शेवटी म्हणाले. “मिशीवर, भुवयांवर, कानशिलांवर पेन्सिल आहे. हे मात्र नंतर कोणीतरी केलेलं दिसतं. कोणी साधा कारागीर असणार. आजोबांसारख्या कलावंताच्या मानाने काम जरा ढोबळ आहे.”

“ढोबळ?” आत्या म्हणाली.

“म्हणजे त्या काळच्या मानाने ठीक. आणि कानाच्या पाळीला हे भोक कसलं?”

“त्या काळी पुरुषही कान टोचायचे,” थोरले लगेच म्हणाले. त्यांना कुठल्याही काळातलं सगळं माहीत असे.

खाली चहा झाला. कप गोळा केले. मग थोरल्यांनी घसा साफ केला आणि फोटोकडे तोंड करून उभे राहिले. रीत संशोधकांना समजावून सांगितली. त्यांना ती फार आवडली. तीही त्यांनी वहीत घेतली. आम्ही मागे रांगेत उभे राहिलो, फोटोला उभे राहतात तसे. जाऊबाई, माझा नवरा, मी आणि टोकाला आत्या.

“आबा,” थोरले म्हणाले, “तुम्ही लावलेल्या रोपाचा वृक्ष झाला आहे. काळाबरोबर चालायचं म्हणून मागची खोली रंगीत मशीनसाठी घेत आहोत. खिडकी बंद करतोय. आत्याची सोय जिन्याखाली केली आहे. तिचीही त्याला संमती आहे.”

मिनिट सुरू झालं. संशोधकांनी घड्याळाकडे बघितलं, कारण ते शास्त्रीय मनुष्य होते. मी नवऱ्याच्या दंडाला चिमटा काढला. तो दंड चोळत आजोबांच्या बटणांकडे बघत राहिला. मीसुद्धा बोलले नाही, हे इथे लिहायलाच हवं. आत्या खिडकीवाचून मरेल हे मला ठाऊक होतं, आणि मी मनातल्या मनात वरच्या पडद्यांची आखूड कड मोजत उभी होते.

“चाळीस सेकंद,” संशोधक पुटपुटले.

“त्यांचं ‘नाही’ म्हणणं आहे,” आत्या म्हणाली.

थोरले वळले. “कोणाचं?”

“तू ज्यांना विचारलंस त्यांचं. फोटोचं.”

“आत्या, पाहुण्यांसमोर चेष्टा नको.”

“चेष्टा कसली? तू फोटोला विचारलंस, फोटो उत्तर देतोय. मीच आहे ती.”

आपण काय ऐकलं ते कोणाला कळलं नाही. जाऊबाईंना वाटलं, आत्याचं डोकं फिरलं. त्यांनी मला खुणेने पाणी आणायला सांगितलं. मी हलले नाही.

आत्या पुढे झाली आणि फोटोशेजारी जाऊन उभी राहिली. टोपी नव्हती, मिशी नव्हती. पण हनुवटी तीच. डोळे तेच. कानाच्या पाळीवरचं भोक तिथेच, आणि त्यात तिची बारीक कुडी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो काय, हे मी त्या क्षणी शिकले. चाळीस वर्षं ते तोंड भिंतीवर होतं, आणि चाळीस वर्षं तेच तोंड आमच्यात बसून चहा पीत होतं.

“आबा अचानक गेले,” आत्या म्हणाली. आवाज अगदी साधा, दुधाचा हिशोब सांगावा तसा. “गावातल्या प्रत्येकाचा फोटो त्यांनी काढला होता. त्यांचा कोण काढणार? एक नव्हता. माझा दादा, म्हणजे तुमचा बाप, म्हणाला, संस्थापकाच्या फोटोवाचून स्टुडिओ टपरी वाटतो. तोंडावळ्याने सगळ्यांत जवळची मी. सोळा वर्षांची होते. आबांना जाऊन चार दिवस झाले होते. दादाने मला त्यांचा कोट घातला. वेणी पाठीकडून कोटात कोंबली. मानेला चिमटा लावला. ती ताठ मान म्हणता ना, ती चिमट्याची आणि वेणीची आहे.”

“पण नजर,” संशोधक म्हणाले. “नजर तर…”

“कोटाला आबांचा वास येत होता. दादा म्हणाला, रडू नको, डोळ्यांत पाणी आलं तर फोटोत चमक येते. चार सेकंद हलायचं नव्हतं. ज्याला तुम्ही दरारा म्हणता ते मी रडू आवरत होते.”

बाहेर रस्त्यावर एक सायकल घंटी वाजवत गेली.

“खोटं आहे,” थोरले म्हणाले. “मला त्यांची मिशी आठवते. टोचायची.”

“आबांना मिशी नव्हती. रोज सकाळी घोटून दाढी करायचे, मिशीसकट. माझे ओठ फार मुलीचे दिसत होते, म्हणून मी पेन्सिलीने मिशी चढवली. तुला टोचत असेल तर पेन्सिल टोचत असेल.”

संशोधकांनी वही उघडली, मघाची ओळ बघितली आणि वही मिटली. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते त्यांनीच पुढे एका पत्रात आत्याला कळवलं, फार सभ्य भाषेत. आठ वर्षांचं काम होतं. तिसरं प्रकरण त्या नजरेवर उभं होतं आणि चौथं तिसऱ्यावर. छापखान्यात दोन प्रकरणांची जुळणी झालेली होती. एका इतिहासकाराला सत्य मिळावं आणि ते इतक्या गैरसोयीच्या वेळी मिळावं, याबद्दल त्यांनी दुःख व्यक्त केलं होतं.

त्या दिवशी मात्र ते म्हणाले, “बाई, इतक्या जुन्या गोष्टीत स्मृती कधी दगा देते. पुराव्याशिवाय असं एकदम…”

“पुरावा हवा?”

ती वर गेली. आम्ही सगळे मागून. डेस्कवर प्लेट तशीच होती. तिने फडताळातून टर्पेंटाइनची बाटली काढली, काडीला कापूस गुंडाळला आणि बुडवला.

“आत्या, थांब,” थोरले म्हणाले.

“ढोबळ काम आहे ना? कोणा साध्या कारागिराचं. पुसलं तर काय बिघडतं?”

आणि तिने पुसलं. घाई न करता, ओठाच्या कोपऱ्यापासून नाकाकडे, तिच्या नेहमीच्या बेताबेताने. काळी मिशी काडीवर आली. बरोबर मधोमध आल्यावर ती थांबली. कापूस बाजूला ठेवला.

“धाकट्या,” ती माझ्या नवऱ्याला म्हणाली, “एक प्रिंट मारून आण.”

माझ्या नवऱ्याला आयुष्यात एकच गोष्ट झटपट येत होती. पासपोर्ट फोटो तो पंचवीस मिनिटांत हातात द्यायचा. थोरल्यांकडे न बघता प्लेट घेऊन तो अंधाऱ्या खोलीत गेला. हे त्याचं मत होतं, असं मी धरते. त्याने आयुष्यात दिलेलं ते एकुलतं एक.

ती पंचवीस मिनिटं मला नीट आठवतात, कारण तेवढ्यात घरातली माणसं आपापल्या जागा बदलत होती. थोरले खिडकीशी गेले, जणू विटा किती लागतील ते बघत होते, पण बघत कुठेच नव्हते. पुढे एकदा, दुखण्यात, त्यांनी मला सांगितलं की त्या वेळी त्यांना आजोबांचं तोंड आठवेना. मिशी काढून घेतल्यावर मागे काहीच उरत नव्हतं. सहा वर्षांच्या मुलाला जे खरोखर आठवत होतं ते कधीच बुजून गेलं होतं, आणि त्याच्या जागी हा फोटो होता. जाऊबाई वेगळ्या हिशोबात होत्या. त्यांच्या थोरलीचं लग्न ठरत आलं होतं, आणि मुलाकडच्यांना त्यांनी दोनदा आणून या फोटोपुढे उभं केलं होतं. “मुलीत पणजोबांचा करारीपणा आला आहे,” असं म्हणून. पणजोबा ही आपलीच आत्तेआजी आहे हे बाहेर गेलं तर विहिणीचं तोंड कोण धरणार?

नवरा प्रिंट घेऊन आला. ओली, पाणी गळणारी. त्याने ती ट्रेवर ठेवली.

आजोबांना अर्धी मिशी होती. उजवीकडे तेच, घराण्याचे संस्थापक, व्यक्तिचित्रणाचे आद्य पुरुष. डावीकडे एका मुलीचे मिटलेले ओठ, खालचा ओठ दातांत धरलेला. दोन्ही बाजूंना सुरकुत्या मात्र सारख्याच.

“सुरकुत्या चाकूच्या,” आत्या म्हणाली. “त्या जात नाहीत.” मग ती प्रिंटवर वाकली आणि स्वतःच्या गालावर बोट फिरवलं. “सोळाव्या वर्षी जिथे खरवडल्या तिथेच आल्या बघ. दोन सोडून. ढोबळ म्हणे.”

मी हसले. मला राहवलं नाही. माझ्यापाठोपाठ माझा नवरा हसला, आणि मग आम्ही दोघंही घाबरून गप्प झालो.

“आता उरलेली अर्धी पुसते,” आत्या म्हणाली आणि कापूस उचलला. “म्हणजे सरांना काही शंका राहणार नाही. पुस्तकात पहिल्या पानावर छापा. खाली लिहा, बापाच्या कोटातली मुलगी, रिटच तिचंच.”

सगळ्यांत आधी हात पुढे केला तो संशोधकांनी. “नको. नको. असू द्या. ही प्लेट ऐतिहासिक आहे.”

“मघाशी तर पुरावा मागत होता.”

“पुरावा मिळाला. म्हणजे पुराव्याचं… याचा स्वतंत्र विचार व्हायला हवा. मी जुन्या प्रिंटवरून काम भागवीन. ती अधिक चांगली आहे.”

“आत्या,” थोरले म्हणाले, आणि त्यांचा आवाज ओरडण्याच्या सरावातून खाली आला. “तू काय म्हणशील ते करू.”

“मी पहिल्यापासून म्हणत होते,” जाऊबाई म्हणाल्या, “आत्यांची खोली काढू नका. माझं ऐकतो कोण? पोरीचं लग्न होईपर्यंत तरी…”

“लग्नाचं मला काय सांगतेस?” आत्या म्हणाली. “मला खिडकी पाहिजे. मी जिवंत आहे तोवर तिला वीट लागता कामा नये. आणि हे इथे नाही बोलायचं. खाली चला. रीतीप्रमाणे होऊ दे.”

आम्ही पुन्हा खाली रांगेत उभे राहिलो. थोरले फोटोपुढे आले. त्यांनी मान वर केली आणि नजर खाली घेतली. आता त्यांना कळत नव्हतं, आबा म्हणायचं की आत्या. शेवटी कोणालाच न उद्देशून म्हणाले, “मशीन दिवाणखान्यात बसेल.”

मिनिट सुरू झालं. जाऊबाईंच्या घशातून बारीक आवाज आला, पण तो शब्द नव्हता. आत्या शेजारी उभी राहून फोटोकडे बघत होती, गिऱ्हाइकाचं काम तपासताना बघायची तशी, डोळे किलकिले करून.

“संमती आहे,” ती म्हणाली.

संध्याकाळी मी तिला विचारलं, “सगळीच का नाही पुसली?”

ती पेन्सिलीला टोक करत होती. “वेडी आहेस का? सगळी पुसली असती तर माझ्या हातात काय राहिलं असतं? एक रडकी पोरगी. तिचं ऐकतो कोण? अर्धी मिशी आहे तोवर खोली आहे.”

पुढे मशीन दिवाणखान्यात बसलं. आखूड पडद्यांची कटकट गेली, कारण तिथली खिडकीच विटांनी बुजली. जाऊबाईंच्या थोरलीचं लग्न ठरल्या घरी झालं. विहीणबाई तिला रागावल्या की म्हणत, “पणजोबांवर गेली आहे.” त्याला मुलगी हरकत घेत नसे. जाऊबाई आता तिच्याकडेच असतात, आणि आत्या ही आपली जिवाभावाची मैत्रीण होती असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात.

संशोधकांचं पुस्तक त्र्याहत्तर साली निघालं. पहिल्या पानावर आजोबा, पूर्ण मिशीचे. तिसऱ्या प्रकरणात नजर जशीच्या तशी. पाठीमागे टिपांमध्ये बारीक टायपात एक ओळ वाढवली होती: ‘रिटच: अज्ञात हात.’ आत्याने भिंग लावून ती ओळ वाचली आणि म्हणाली, “हा माणूस मोठ्या पदावर जाणार.” ते संग्रहालयाचे संचालक झाले.

थोरले चौऱ्याण्णव साली गेले. त्याआधी चार वर्षं नगरपालिकेने चौकात आजोबांचा अर्धपुतळा बसवला. शिल्पकाराला फोटो दिला होता, आणि मिशी कशी टोचायची याचं वर्णन थोरल्यांनी स्वतः केलं. शिल्पकार प्रामाणिक होता. त्याने कानाच्या पाळीवरचं भोकही कोरलं. उद्घाटनाला थोरले रडले. कोणासाठी, ते मी विचारलं नाही.

माझा नवरा शेवटपर्यंत पासपोर्ट फोटो काढत राहिला. तो गेल्यावर त्याच्या ड्रॉवरमध्ये एक पाकीट सापडलं, वर लिहिलेलं ‘तातडीचे’. आत ती प्रिंट होती, वाळून कडा वळलेली.

आत्या पंच्याऐंशी साली गेली, त्याच खोलीत, खिडकीशी. एक्याऐंशीनंतर तिला पेन्सिलीचं टोक दिसत नव्हतं, तरी ती रोज डेस्कवर बसे. तिचा फोटो शोधायला घरात धावपळ झाली. एकही नव्हता. थोरल्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मग त्यांनीच खाली जाऊन काउंटरमागच्या फोटोखाली दिवा लावला. गिऱ्हाइकांना वाटलं, संस्थापकांची पुण्यतिथी आहे.

प्लेट तिने माझ्या हवाली केली होती. खोलीही. मी त्या खिडकीशी बसूनच हे लिहिते आहे. पुतण्याला इथे लिफ्ट बसवायची आहे. दिवट्याने आजोबांचं तोंड आता पाटीवर, पिशव्यांवर आणि मोबाइलच्या कव्हरांवरसुद्धा छापलं आहे. अधूनमधून तो वर येतो, भिंतीवर टेप धरतो आणि गोड आवाजात म्हणतो, “काकू, जिन्याखाली तुमची छान सोय करू.”

डेस्कवर टर्पेंटाइनची बाटली ठेवलेली असते, मी तिच्याकडे फक्त बघते. जुनं टर्पेंटाइन घट्ट होतं, म्हणून दर वर्षी मी नवीन आणते.